पडवीतलं टाकं

रविवार, ३ ऑक्टोबर १९९३

आलो एकदाचे! स्वित्झर्लंडात, बासेलच्या हॉटेलात एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी उकळल्या, आणि आज स्वतःच्या चुलीपाशी बसून लिहितेय. वही त्या हॉटेलातलीच आहे. आत टॉवेल, अभ्रे, टेबलक्लॉथ असे रकाने आखलेत. आता त्या रकान्यांत ससे बसतील. मादी नराला कधी लावली, कधी व्याली, किती पिल्लं जगली. अमारो म्हणतो तेवढंच लिही, गप्पा लिहू नकोस, वही पुरणार नाही. सव्वीस वर्षं संसार करून हा माणूस अजून असं बोलतो.

रेबोरेदो या डोंगरातल्या गावात घरं आठ. त्यातल्या तीनच घरांच्या धुराड्यांतून धूर निघतो, आमचं चौथं. घर तसं साधंच, पण गोठा! वीस गाई मावतील एवढा. हातभर जाडीच्या दगडी भिंती, वर काळ्या पाटीच्या दगडाचं छप्पर, एक पाटीसुद्धा हललेली नाही. अमारो आत जाऊन मधोमध उभा राहिला आणि नुसता हसत सुटला. घर विकणाऱ्या, जुन्या मालकाच्या पुतण्यानं चाव्या आम्हाला खाली लुगो शहरातल्या बारमध्येच दिल्या. वर यायला गुडघे दुखतात म्हणे. असेल पस्तिशीचा.

संध्याकाळी शेजारची पेर्फेक्तामावशी कोबी-बटाट्याचं गरम सूप आणि राय धान्याची भाकरी घेऊन आली. जन्मापासून एका पायानं अधू, पंचाहत्तरीची, पण जीभ अशी की न्हाव्याच्या वस्तऱ्याला धार लावून देईल. अर्ध्या तासात तिनं विचारून घेतलं की मूलबाळ का नाही, केस रंगवतेस का, आणि गाई सोडून ससेच का. लोक स्वित्झर्लंडहून घड्याळं घेऊन येतात आणि तुम्ही सशांची बुडं धुवायला आलात होय, म्हणाली. अमारोला इतकं हसू आलं की त्याला खोकल्याची उबळच आली. तीस वर्षांच्या तंबाखूचा खोकला, शेवटी शिट्टी वाजते.

मला इथं आवडणार आहे.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

पिंजरे उभे राहिले. तीन मजली, दोन रांगा, मधून मला बादली घेऊन जाता येईल एवढी वाट. खालचा मजला माझ्या गुडघ्याला, वरचा हनुवटीला. अमारोला चार मजले करायचे होते. मी म्हटलं, मग चौथ्या मजल्याला चारा घालायला जिराफ आण.

खरं भांडण उतारावरून झालं. प्रत्येक मजल्याखाली जस्ताचा पत्रा हवा, म्हणजे वरच्याचं मूत खालच्याच्या डोक्यावर पडत नाही. पत्र्याला मागच्या बाजूला उतार दिला की मूत पन्हळीत वाहून जातं. उतार कमी दिला तर लेंड्या तिथंच बसतात, जास्त दिला तर खालच्या सशाला मान वर करता येत नाही. दोन दिवस आम्ही पत्र्यावर मसूर सोडून बघत होतो. शेवटी अशी पातळी सापडली की मसूर हळूहळू, विचार करत करत घरंगळतो. पिंजरे भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलेत, मागून खरवडायला हात जावा म्हणून.

नंबराचे पत्रे मी रंगवले. पंचेचाळीस पिंजरे. वही गोठ्यातच दाराशेजारी खिळ्याला टांगली, पेन्सिल दोरीला बांधली. म्हणजे आता मी इथं उभ्यानंच लिहिणार.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

चाळीस माद्या, त्यातल्या काही आधीच गाभण, आणि पाच नर आले. करड्या, पांढऱ्या, आणि एक मोठी राखाडी, जी गाडीतून उतरल्यापासून आम्हाला नोकर समजते. तिचं नाव मार्केसा, म्हणजे सरदारीणबाई, ठेवलं.

मला वाटलं होतं, ससा म्हणजे मूठभर जीव, त्याची घाण ती किती! पंचेचाळीस ससे दिवसाला सात बादल्या करतात. लेंड्यांचं काही नाही, त्या सुक्या असतात, उकिरड्यावर टाकल्या की वर्षात सोन्यासारखं खत. त्रास मुताचा. पत्र्यावर पांढरा क्षार धरतो, तो व्हिनेगर ओतल्याशिवाय सुटत नाही, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी. सात बादल्या चढावर नेऊन ओतायच्या म्हणजे माझी कंबर संक्रांतीपर्यंत – नाही, नाताळपर्यंत टिकणार नाही. (बासेलला वरच्या मजल्यावरच्या मुंबईच्या सुनंदाबरोबर नऊ वर्षं काढली, तिची भाषा आणि तिचे सण जिभेवर राहिलेत.)

आज झाडताना जमिनीत जुनी नाली सापडली. गाईंची. मागच्या भिंतीतल्या भोकातून ती पलीकडच्या पडवीत जाते. पडवीत काँक्रीटची लादी आहे, कडी नाही, कडा नाही, जमिनीत ओतल्यासारखी. अमारोनं पहार आपटून बघितली, खाली पोकळ आहे. शेणमुताचं टाकं! एवढं छान टाकं असून त्यावर असं काँक्रीट कोण ओततं, असं तो पुटपुटत राहिला. त्याला हात लावायचा नव्हता. मीच हट्ट धरला. माझ्या कंबरेचं नाव पुढे केलं.

शनिवार, १६ ऑक्टोबर

लादी फोडायला दोन दिवस लागले. खाली दगडी बांधणीचं टाकं, आमची शिडी पुरणार नाही इतकं खोल. तळाशी काळं, घट्ट, हलत नाही. अमारोनं तारेला मेणबत्ती लावून खाली सोडली. हातभर खाली गेली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा तिथंच विझली, फुंकर मारल्यासारखी. खाली विषारी हवा साठलीय, आत कोणी उतरायचं नाही, वाकूनही बघायचं नाही, असं त्यानं मला दोनदा वदवून घेतलं. मग टाक्याच्या तोंडावर ओकच्या फळ्या टाकल्या, भिंतीतलं नालीचं भोक मोकळं केलं आणि नालीत पहिली बादली ओतली. पाणी झुळझुळ करत आपलं आपण गेलं. मी टाळ्या वाजवल्या.

दुपारी पेर्फेक्तामावशी टोपलीभर चेस्टनट घेऊन आली. बोलत बोलतच आली, आणि अंगणात काँक्रीटचे तुकडे बघून वाक्याच्या मध्येच थांबली. कोणी सांगितलं तुम्हाला हे फोडायला, एवढंच विचारलं. अमारो म्हणाला, सशांनी अर्ज केला होता. ती हसली नाही. टोपली तिथंच ठेवून, पाय ओढत गेली. टोपली अजून इथंच आहे.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

सोमवारपासून नऊ माद्या लावल्या, पहिली मार्केसा. पन्हळी छान चालताहेत.

एक गोष्ट लिहून ठेवते. दुपारी वारा पडला की ससे बदलतात. आधी चघळणं थांबतं. पंचेचाळीस तोंडं एकदम थांबली की काय शांतता होते, ते ऐकल्याशिवाय कळत नाही. मग सगळे कान मागच्या भिंतीकडे वळतात. खालच्या मजल्यावरचे ससे पुढच्या जाळीला असे चिकटतात की फर जाळीतून बाहेर येते. मग एकजण मागचा पाय आपटतो, आणि मग सगळे. पत्रे घणघणतात. पाचेक मिनिटं. मग एखादा चघळायला लागतो आणि सगळं पूर्ववत.

अमारो म्हणतो रानमांजर असेल, नाहीतर कोल्हा. पडवीभोवती त्यानं चुना पसरला. पाऊल उमटलेलं नाही.

बुधवार, २७ ऑक्टोबर

आज अमारो बाजारात गेला होता. मी नालीला चुना लावत होते. ससे थांबले. आणि नालीच्या भोकातून खोकला ऐकू आला. अमारोचा. शेवटच्या शिट्टीसकट.

मी म्हटलं, आलास पण, इतक्या लवकर?  पडवीत जाऊन पाहिलं, कोणी नाही. फळ्या जागच्या जागी. अमारो दोन तासांनी आला, चाऱ्याची पोती आणि माझ्यासाठी बदामाचा केक घेऊन. सांगितल्यावर म्हणाला, तुला माझी इतकी आठवण येते हे मला माहीतच नव्हतं.

केक चांगला होता. मला वासामुळे डोकं जड होतंय, हे खरं.

शनिवार, ३० ऑक्टोबर

आज माझं नाव. फीना. देल्फीना नाही, फीना – ते फक्त अमारो म्हणतो. मोठ्यानं नाही, घरात भांडी आवरताना मारावी तशी हाक. अमारो वरच्या रानात लाकडं तोडत होता, कुऱ्हाडीचा आवाज मला एका कानानं ऐकू येत होता आणि दुसऱ्या कानात तोच मला खालून बोलावत होता.

सोमवार, १ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. शेवंतीची फुलं घेऊन पेर्फेक्तामावशीबरोबर दफनभूमीत गेले. आमचं इथं कोणी नाही, तिची खूप. एका थडग्यापाशी ती जास्त वेळ थांबली. दगडावर चार नावं, तिघांचं आडनाव आम्हाला घर विकणाऱ्या पुतण्याचंच, आणि चौघांखाली एकच तारीख. ९ जुलै १९७१.

 तिनंच सांगितलं, फुलांच्या काड्या मोडत.

आमच्याच टाक्यात नाली तुंबली म्हणून तेव्हाचा मालक सातुर्नीनो शिडी लावून उतरला. चार पायऱ्या उतरला आणि पडला. मोठा मुलगा बापाला काढायला गेला, तो पडला. धाकटा अठरा वर्षांचा, तो भावासाठी गेला. मग सातुर्नीनोचा मेव्हणा गवत कापता कापता विळा टाकून धावत आला, त्यानं तोंडाला रुमाल बांधला होता. चौघं गेले पाव तासात. सातुर्नीनोची बायको ओबदुलिया पाचवी निघाली होती. पेर्फेक्तामावशीनं तिला अॅप्रनच्या गाठीला धरून जमिनीवर पाडलं आणि तिच्या अंगावर बसून राहिली, अधू पायानं दुसरं काय करणार. अगं पोरी, म्हणाली, ती मला चावत होती, आणि मी तिच्या कानात सांगत होते की जाऊ नकोस, ते मेलेत, आणि खालून तिचा धाकटा आई आई करत होता.

मी म्हटलं, म्हणजे तो जिवंत होता?

ती म्हणाली, मलाही तसंच वाटलं. अजून मी रात्रंदिवस तेच म्हणत राहिले असते. पण चारही प्रेतं वर काढून चर्चमध्ये ठेवली, मी स्वतः त्या पोराचं तोंड धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला तेव्हा टाक्यातून पुन्हा आई आई.

मग गावानं काँक्रीट ओतलं.

निघताना तिनं माझा हात धरला. टाक्यातला तो मेलेल्यांच्याच आवाजात बोलतो असं नाही, म्हणाली. जो तुझ्या डोळ्यांसमोर नाही, त्याच्या आवाजात बोलतो. वाईट माणसाला तो काही करत नाही, वाईट माणूस हाक ऐकून पुढे चालू लागतो. तू धावणारी दिसतेस. तू धावू नकोस.

बुधवार, ३ नोव्हेंबर

अमारोला सगळं सांगितलं. हसला नाही, हे त्याचं चांगलं. चार माणसं गेली ते खरं असेल म्हणाला, शेणाच्या टाक्यात असं होतं, त्यानं बांधकामावर ऐकलंय. बाकीचं त्या म्हातारीच्या मनावरचं ओझं. आणि माझ्या कानांतलं ते मुताच्या वाफेचं. वाफेनं डोकं भणाणतं, काहीबाही ऐकू येतं. त्यानं छताखाली हवेला दोन झरोके पाडले. खरंच वास कमी झाला.

आवाज कमी झाला नाही.

शनिवार, ६ नोव्हेंबर

नालीचं भोक चिकणमातीनं बुजवलं. पुन्हा सात बादल्या चढावर. कंबर गेली तरी चालेल.

दुपारी मातीला आतून तडा गेला. त्या तड्यातून तो म्हणाला, फीना, अंधार आहे गं.

अमारोला अंधाराची भीती वाटते हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. त्यानं मला लग्नाच्या आदल्या वर्षी सांगितलं होतं.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

क्रमांक १४ व्याली. आठ पिल्लं. आपटाआपटी झाल्यावर पाहिलं तर तीनच, आणि तिचं तोंड लाल. घाबरलेली मादी पिल्लं खाते, हे मला माहीत होतं. पाहिलं नव्हतं.

क्रमांक २२. सहा. एकही नाही.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

लिहायलाच हवं, लपवून उपयोग नाही.

अमारो लुगोला गेला होता. मी पिंजऱ्यापाशी होते, खरवडत. तो म्हणाला, फीना, पाय अडकलाय. मग म्हणाला, श्वास कोंडतोय. रडत नव्हता. अमारो रडत नाही, तो दुखलं की नाकातून हसल्यासारखा आवाज काढतो. तो आवाज आला.

मला पुढचं आठवत नाही. सशांच्या आपटण्यानं भानावर आले तेव्हा मी पडवीत गुडघ्यांवर होते. दोन फळ्या बाजूला. तिसरी माझ्या हातात. नखांत ओकच्या चिरफळ्या. तोंडावर खालची गार हवा. आणि मी मोठ्यानं म्हणत होते, आले, आले, आले रे.

परत फळ्या टाकताना खालून फक्त खोकला.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

अमारोनं नखं बघितली. मग बसला माझ्यासमोर, माझे दोन्ही हात घेऊन. मी म्हटलं, जाऊया इथून. तो म्हणाला, कुठे? आहे ते सगळं या भिंतींत घातलंय, परत चादरी उकळायला जायचं का, तुझ्या या कंबरेनं? मी म्हटलं, हो.

त्यानं माझ्या नखातली एक चिरफळी चिमटीनं काढली. मग म्हणाला, विश्वास माझा अजून नाही बसत, फीना. पण तू म्हणतेस म्हणून मी ते टाकं परत बुजवतो. काठोकाठ. दगड, माती आणि वर काँक्रीट. ससे राहतील, बादल्या मी वाहीन.

सव्वीस वर्षांत हा माणूस मला इतका कधीच आवडला नव्हता.

सोमवार, १५ नोव्हेंबर

सिमेंट गुरुवारी येणार. तोवर मी एकटी गोठ्यात जात नाही. अमारो बरोबर असतो. तो असला की टाकं गप्प. ससेही चघळतात.

तो म्हणतो, बघ, काही नाही.

मी काय सांगू त्याला. तो माझ्यासमोर आहे ना, म्हणून.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

पेर्फेक्तामावशीकडे गेले होते. बुजवतोय म्हटल्यावर तिनं छातीवर क्रूस काढला. लवकर, म्हणाली. त्याला कळतं.

काय कळतं, विचारलं.  चुलीतलं लाकूड सारखं करत राहिली.

गुरुवार, १८ नोव्हेंबर. सकाळी दहा

धुकं. वारा अजिबात नाही. पान हलत नाही.

अमारोनं फळ्या काढल्या, कडेनं लाकडी साचा ठोकला. टाकं उघडं आहे. ट्रक चिखलामुळे वर येत नाही, सिमेंट खालच्या रस्त्यावर टाकून गेला. हातगाडीनं आणायचं. एक खेप तासाभराची.

मार्केसाला कळा सुरू झाल्यात. पहिलंच वेत. तिला सोडून जाता येत नाही. आणि इथं एकटं राहता येत नाही.

मीच म्हटलं, मला बाहेरून कुलूप लाव. मग कोणी काहीही म्हटलं तरी मला जाता येणार नाही. तो हसला, म्हणाला एकोणीस वर्षं स्वित्झर्लंडात राहून शेवटी बायकोला सशांबरोबर कोंडायची वेळ आली. पण लावलं. पुढच्या दाराला. किल्ली खिशात. जाताना दारावर दोनदा थापटलं, घोड्याच्या पाठीवर थापटावं तसं.

मी वही समोर घेतलीय. हात गुंतलेला राहावा. तो येईपर्यंत लिहीत राहायचं.

साडेदहा

मार्केसाला एक झालं. गुलाबी, बोटाएवढं. ती चाटतेय. शाबास बाई.

अकराला दहा कमी

थांबले. सगळे थांबले. चघळणं बंद.

अकरा

बोलतोय. मी लिहिते म्हणजे ऐकायला नको.

फीना म्हणतोय. चाक घसरलं म्हणतोय, हातगाडीसकट आत पडलो म्हणतोय. तो हातगाडीबद्दल कसं–

नाही. ऐकलं असेल त्यानं. आम्ही अंगणात बोललो होतो.

मार्केसाला दुसरं. तिसरं. ती चाटत नाहीये. कान मागे.

शिडी टाक म्हणतोय. मी इथून हलू शकत नाही. कुलूप आहे. बरं झालं कुलूप आहे. कुलूप आहे, अमारो, मला येता येत नाही, माफ कर, तू नाहीस तू, माफ कर तरी

नाकातून तो आवाज.

दाराला खांदा लावला मी. आताच. दोनदा. दार हललं नाही. परत वहीपाशी आले. लिही, देल्फीना. लिही.

सव्वाअकरा

मागच्या झरोक्याखाली बादली पालथी घालून वहीसकट उभी राहिले. इथून पायवाट दिसते आणि पडवीचा कोपरा. बाकी धुकं.

गप्प झालाय. एकाएकी.

पायवाटेवर–

दिसला! अमारो! हातगाडी ढकलत, मान खाली, डोक्यावर रिकामं पोतं टोपीसारखं. तो आहे. वर आहे. चालतोय. देवा.

मग खाली कोणी नव्हतं. कोणी नव्हतं.

ससे का आपटतायत अजून

तो थांबला. मान वर केली. काय ऐकतोय

माझा

माझा आवाज आहे. खालून. अमारो म्हणतेय. दार मोडून आले म्हणतेय, पाय घसरला म्हणतेय, हात दे म्हणतेय– माझ्यासारखंच. आजारी असताना मी बोलते तसं.

ओरडले. झरोक्यातून हात बाहेर काढला. तो इकडे बघत नाही, पडवीकडे बघतोय. कुलूप पुढच्या बाजूला, त्याला तिथून दिसणारच नाही. परत ओरडले. खालची मी माझ्यापेक्षा मोठ्यानं

हातगाडी सोडली. ती कलंडली. धावतोय. अमारो मी इथे आहे मी आत आहे मी वर आ